धोंड्याच्या महिन्यातला स्फटिक

नांदेडच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवतो. नातेवाइकांत मला दगडाचे मास्तर म्हणतात. ते विषयाला उद्देशून म्हणतात की मला, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तराची थोडी कल्पना आहे. दरवर्षी मी मुलांना इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला नेतो. पाणी कोसळत असतं, मुलं मोबाइल काढून उभी असतात आणि मी त्यांना पाण्याकडे पाठ करायला लावून खडकातल्या भेगा दाखवतो. बिलोलीच्या बाजूला गेलो की आपला काळा बसाल्ट संपून गुलाबी ग्रॅनाइट दिसायला लागतो, तिथे मी बस थांबवतो. मुलं चहा मिळेल म्हणून उतरतात आणि माझं व्याख्यान ऐकून परत चढतात.

माझ्या खिशात कायम एक घडीचं भिंग असतं. लग्नाच्या मांडवातही ते होतं, आणि अंतरपाट दूर झाल्यावर मी आधी नवरीच्या अंगठीतला खडा बघितला, मग नवरीकडे, असं माझी बायको सांगते. मला आठवत नाही. पण ती शाळेत गणित शिकवते आणि उगाच काही जोडून सांगायची तिला सवय नाही.

माझी सासुरवाडी लातूरची. सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, सासूबाईंचं माहेर जळकोट. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा आणि मामी म्हणतो. मामा मोजकं बोलतात. मामी तेवढंही बोलत नाहीत.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिन्याला आमच्या मराठवाड्यात धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलावतात, त्यांची पूजा करतात आणि धोंडे खाऊ घालतात, म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे, वरून तुपाची धार. भूशास्त्राच्या माणसाला सासुरवाडीला धोंडे खायला बोलावलंय, यावर स्टाफरूममध्ये जे विनोद व्हायचे ते झाले. त्यातले निम्मे मीच केले होते. दुसऱ्यांनी करण्यापेक्षा ते बरं.

आम्ही दोघं आमच्या जुन्या गाडीने लातूरला पोचलो. मामींनी आमचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. त्या दिवशी माणसाला आपण फार महत्त्वाचे आहोत असं वाटायला लागतं. पुढे जे झालं त्याला ही पूजा काही अंशी जबाबदार आहे, असं मी अजून मानतो.

मामींच्या देवघरात स्फटिकाचं एक शिवलिंग होतं. लिंबाएवढं, वरून गोल, खाली सपाट, पाण्यासारखं नितळ. मामींच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी ते दिलेलं. वडिलांना सगळे आण्णा म्हणत. ते जळकोटला शाळामास्तर होते, आणि हैदराबादला कामानिमित्त गेले असताना त्यांनी ते लेकीसाठी आणलं होतं. आण्णा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण जळकोटची मंडळी कुठेही भेटली की पहिला प्रश्न असायचा, स्फटिक कसा आहे. मामांची तब्येत त्यानंतर. मामांच्या घरून लग्नात काय आलं, काय गेलं, याचा मात्र कोणी कधी उल्लेख केला नाही. मामांनी हे संसारभर ऐकून घेतलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. कळायला पाहिजे होतं आधी.

पानं मांडली होती. मामी देवाला नैवेद्य दाखवत होत्या. मामा उठले, देवघरातून ते तबक उचलून घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवलं. तबकात लाल कापडाच्या तुकड्यावर शिवलिंग होतं, नुकतंच न्हाऊ घातलेलं.

"जावईबापू, तुम्ही यातलेच," ते म्हणाले. "जरा बघून सांगा, खरा हाय का."

कोणी आवाजाबद्दल विचारलं की गवयाला गावंसं वाटतं, तसं माझं झालं. मी भिंग काढलं. घडी उलगडली. मोबाइलची बत्ती लावून बायकोच्या हातात दिली आणि ती कुठल्या कोनात धरायची हेही सांगितलं. स्फटिक उचलला तेव्हा तो हाताला चांगलाच गार लागला. काचेपेक्षा स्फटिक हाताची ऊब पटकन ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो, हे मी मुलांना शिकवतो. पण आता म्हटलं, पाण्यातून काढलाय, गार लागणारच. भिंगातून आरपार बघितलं तर खालच्या लाल कापडाचा सुटलेला धागा दुहेरी दिसला. स्फटिकात शिरणारा उजेड दोन वाटांनी फुटतो, त्यामुळे मागची बारीक रेघ दोन दिसते. काचेत तसं होत नाही. हेही मी शिकवतो. पण मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा, नांदेडला गेल्यावर डोळे तपासून घेऊ. खनिज मला जमेल तितक्या स्वच्छ भाषेत आपलं नाव सांगत होतं आणि मी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरचा विचार करत होतो.

मग मला बुडबुडा दिसला. आत, मध्यापासून जरा बाजूला, बारीक, गोल, सुरेख बुडबुडा. बुडबुडा म्हणजे काच. भट्टीत काच वितळते तेव्हा हवा अडकते आणि तशीच थिजते. खोटे खडे ओळखायची ही पहिली खूण आहे, आणि ती सापडल्याचा मला एवढा आनंद झाला की मी दुसरं काही शोधलंच नाही.

"काच आहे," मी म्हणालो. आणि लगेच जोडलं, "पण चांगल्या प्रतीची आहे."

मग मी बुडबुड्यावर थोडं व्याख्यान दिलं. बायकोने बत्ती बंद केली तरी मी बोलत होतो. मामींनी तबक उचललं, त्यातलं पाणी तुळशीत ओतलं, शिवलिंग पदराने पुसलं आणि आत गेल्या. परत आल्या त्या हातात भांडं घेऊन, आणि मला विचारलं, कटाची आमटी वाढू का. मामांनी स्वतःच्या हाताने माझ्या पानात आणखी एक धोंडा वाढला. लग्न झाल्यापासून त्यांनी मला काही वाढल्याचा तो पहिला प्रसंग होता. मला वाटलं, आज आपण सासऱ्यांच्या मनात घर केलं. ते खरंही होतं. फक्त ते घर कोणाच्या जागेवर बांधलं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

परतीच्या वाटेवर बायको अहमदपूर मागे पडेपर्यंत बोलली नाही. मी विचारलं, काय झालं. तिने विचारलं, काच आहे म्हणायची काय गरज होती. मी म्हणालो, मामांनी विचारलं म्हणून सांगितलं. यावर तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला समजावतात त्या आवाजात. बाबांना उत्तर नको होतं, ती म्हणाली. त्यांना ते आईला ऐकवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना एक शिकलेला माणूस पाहिजे होता. मी म्हणालो, विज्ञानात असं काही नसतं. तिने गाडीतला रेडिओ लावला आणि लोह्यापर्यंत चालू ठेवला.

नंतरच्या बातम्या फोनवरून येत गेल्या. मामींनी शिवलिंग देवघरात परत ठेवलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं होतं. काचेला रोज पाणी कशाला घालायचं, एवढंच त्या लेकीला म्हणाल्या होत्या. मामांची तब्येत मात्र एकदम सुधारली. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींना माझी सगळी तपासणी तोंडपाठ झाली होती. त्याही पुढे जाऊन मामांनी, पाऊसपाणी कसं आहे हे विचारायचं निमित्त काढून, जळकोटला मेहुण्यांना फोन केला आणि सोयाबीनची चौकशी झाल्यावर सहज म्हणून सांगून टाकलं की जावयाने मशीन लावून बघितलं, काच निघाली. मशीन म्हणजे माझं भिंग.

हे मेहुणे, म्हणजे मामींचे थोरले भाऊ, जळकोटला शेती बघतात. दर राखीपौर्णिमेला ते शेंगांचं पोतं घेऊन लातूरला बहिणीकडे येतात. येण्याआधी आठवडाभर त्यांचे फोन सुरू होतात, काय आणू, किती आणू. त्या वर्षी पौर्णिमा जवळ आली तरी फोन आला नाही. मामींनीही केला नाही. दोघं बहीणभाऊ आपापल्या घरी गप्प बसले होते आणि मध्ये मी होतो, बुडबुड्यासकट.

एका शनिवारी बायको एकटीच लातूरला गेली आणि रविवारी संध्याकाळी परत आली. पर्समधून तिने स्टीलचा छोटा डबा काढला. आत रुमालात गुंडाळलेलं शिवलिंग होतं.

"आता नीट बघा," ती म्हणाली. "आणि बघून झालं की लगेच बोलू नका."

मी डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला. भिंग लावलं. बुडबुडा होता तिथेच होता. मला बरं वाटलं, जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं. मग उजेड नीट पडावा म्हणून मी शिवलिंग जरासं कलतं केलं, आणि बुडबुडा सरकला.

मी ते दुसऱ्या बाजूला कलतं केलं. बुडबुडा त्या बाजूने सरकला. गवंड्याच्या पाणसळीत सरकतो तसा, सावकाश, वरच्या बाजूला.

काचेतला बुडबुडा सरकत नाही. तो थिजलेला असतो. सरकायला आजूबाजूला पाणी लागतं, आणि पाणी काचेच्या भट्टीत टिकत नाही. स्फटिक जमिनीत वाढत असताना कधी कधी त्याच्या आत बारीक पोकळीत पाण्याचा थेंब अडकतो. पुढे सगळं निवतं, पाणी आकसतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक बुडबुडा तयार होतो. भिंगातून नीट बघितलं तेव्हा त्या पोकळीच्या कडाही दिसल्या, सरळ, टोकदार, एखाद्या इवल्या स्फटिकाचा साचा असावा तशा. म्हणजे ज्या खुणेवरून मी त्याला खोटं ठरवलं होतं, ती त्याच्या खरेपणाची सगळ्यात मोठी खूण होती. लातूरला मी ते दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीने, अगदी स्थिर धरलं होतं. जरा हात थरथरला असता तर वाचलो असतो.

बायको पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, काय. मी म्हणालो, उद्या कॉलेजात बघतो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी दार लावून घेतलं. स्फटिक स्फटिक निघू नये म्हणून मनातल्या मनात देवाची आळवणी करणारा भूशास्त्राचा माणूस माझ्याआधी कोणी झाला असेल असं वाटत नाही. एखादं दुर्मिळ प्रकारचं पोटात पाणी असलेल्या काचेचं कारखान्यातलं उत्पादन निघालं असतं तरी मला चाललं असतं. आधी मी ते हवेत आणि मग दोऱ्याला बांधून पाण्यात तोललं. पाण्याच्या अडीच पटींहून थोडं जास्त भरलं, स्फटिकाला शोभेल इतकं. पण काही काचाही त्याच्या आसपास भरतात, म्हणून मी तेवढ्यावर आशा सोडली नाही. मग गालाला लावून बघितलं. शेजारी काचेचा पेपरवेट ठेवला होता, तो दुसऱ्या गालाला लावला. स्फटिक गार, पेपरवेट कोमट. तेवढ्यात खिडकीतून दुसऱ्या वर्षाच्या मुली जाताना दिसल्या. दोन्ही गालांना दोन वस्तू लावून बसलेल्या सरांना त्यांनी नमस्कार केला. मीही मान हलवून केला.

मग कठीणपणा. स्फटिकाने काचेवर ओरखडा पडतो, काचेने स्फटिकावर पडत नाही. शिवलिंगाच्या तळाची कड न घासलेली होती, ती कशावर तरी ओढून बघायची होती. टाकाऊ काचपट्टी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली घरी राहिली होती. घाईत मी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. त्याची काचही काचच, हा विचार बरोबर होता. ओरखडा छान पडला, मधोमध, बाराच्या आकड्यापासून चारपर्यंत. त्यानंतर मला आठवलं की हे घड्याळ लग्नात मामांनी दिलेलं आहे.

शेवटी मी पोलरॉइडच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या, दोन चकत्या एकमेकींवर आडव्या धरल्या. अशा धरल्या की उजेड पूर्ण अडतो, सगळं काळं होतं. मध्ये काच ठेवली तर काळंच राहतं, फार तर आतल्या ताणामुळे इकडेतिकडे धुरकट पट्टे दिसतात. मध्ये स्फटिक ठेवून फिरवला तर तो अंधारात उजळतो. मी शिवलिंग मध्ये ठेवलं आणि फिरवलं. ते उजळलं. एका कोनात तर त्याच्या पोटात रंगांची कडी उमटली, एकात एक, मोरपिसाच्या डोळ्यासारखी. इतकं सुंदर दृश्य मी त्या प्रयोगशाळेत दुसरं बघितलेलं नाही, आणि ते बघताना मला इतकं वाईटही कधी वाटलेलं नाही.

एकाच खुणेवरून खनिज ओळखू नये. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो आणि खाली रेघ मारतो. त्याच तासाला मी सांगतो की स्फटिक म्हणजे काही स्वर्गातून पडलेली वस्तू नव्हे, आपली शेतातली गारगोटीच ती, फक्त निर्मळ. तिच्यात किंचित लोह शिरलं की ती जांभळी होते, लोक तिला जमुनिया म्हणून अंगठीत घालतात. धुरकट, गुलाबी, पिवळी, सगळी एकाच घरातली. मुलांना हे घर नीट समजावं म्हणून मी नेहमी म्हणतो, रंग बघून फसू नका. बुडबुडा बघून फसू नका, असं म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. बायकोला म्हणालो, आता बोलू का. ती म्हणाली, बोला. मी सगळं सांगितलं, घड्याळापर्यंत. ती आधी गंभीर होती. गालांपाशी आल्यावर तिला हसू आवरेना, आणि घड्याळापाशी ती खालीच बसली. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ठरवून टाकलं की आधी जळकोटला जायचं, तिच्या थोरल्या मामांकडे. ते तुटले आहेत, ती म्हणाली, आई तुटलेली नाही, आई नुसती गप्प आहे.

रविवारी कंधार, जांब करत आम्ही जळकोटला पोचलो. थोरले मामा ओसरीत बाजेवर बसले होते. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला बसा म्हणाले, पाणी आलं, चहा आला, स्फटिकाचं नाव नाही. मग मीच सुरू केलं. बुडबुडा, पाणी, पोलरॉइड, सगळं सांगितलं. डबा उघडून शिवलिंग त्यांच्या हातावर ठेवलं आणि कलतं करून भिंगातून बुडबुडा दाखवला. ते बराच वेळ डोळा लावून बसले. हात इकडे करत, तिकडे करत.

"म्हंजी खरा हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, खरा आहे, चूक माझी झाली, तुमचा अपमान झाला. ते ऐकतच नव्हते. त्यांनी ओसरीच्या आतल्या बाजूला कोणी आहे का ते बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आण्णाला बी खात्री नव्हती," ते म्हणाले. "हैदराबादला कोण्या माणसानं दिला, खरा म्हणून. आण्णा मला म्हणले हुते, तुझ्या बहिणीला कळू देऊ नको. खरा असंल तर चांगलंच, नसंल तर नसंल, पोरीला हौसेनं दिलाय. दाजींचा फोन आला तवा मला वाटलं, आता उघडं पडलं. तिच्याशी काय बोलू?"

म्हणजे ते रागावले नव्हते. ते लाजले होते. संसारभर दाजींना स्फटिक कसा आहे म्हणून विचारत राहिले ते मिरवायला नव्हे, तर अजून खरा आहे ना याची खातरजमा करायला. मी कोणाच्या अभिमानाला धक्का लावला नव्हता. जी गोष्ट या माणसाने एवढी वर्षं धाकधुकीत झाकून ठेवली होती तिच्यावरचं फडकं मी ओढलं होतं, आणि तेही चुकीच्या बाजूने. हे मी इथे लिहितोय, कारण माझं लिहिलेलं सासुरवाडीत कोणी वाचत नाही. मामींना आण्णांची शंका आजही माहीत नाही.

थोरल्या मामांनी पौर्णिमेची वाट बघितली नाही. शेंगांचं पोतं गाडीच्या डिकीत टाकलं आणि आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसले. लातूर येईपर्यंत डबा त्यांच्या मांडीवर होता. मध्ये मध्ये झाकण उघडून कलतं करून बघत होते. भिंग मागायला संकोचत होते, म्हणून मी ते त्यांच्याकडेच देऊन टाकलं.

मामींनी दार उघडलं. भावाला बघून त्या क्षणभर उंबऱ्यातच थांबल्या, मग बाजूला झाल्या. मी पिशवीत पोलरॉइडच्या चकत्या, काचेचा पेपरवेट, वजनाचा दोरा, सगळं घेऊन गेलो होतो. क्रम ठरवला होता. आधी तापमान, मग कठीणपणा, मग प्रकाश. मी पिशवी उघडणार तेवढ्यात मामींनी विचारलं, काय निघालं. मी म्हणालो, स्फटिक आहे, खरा.

त्यांनी भावाच्या हातातला डबा घेतला.

"काच निघाली असती तर सांगायला आला असता का एवढ्या लांब?"

मी खरं ते सांगितलं. "नसतो आलो, मामी."

"मग खराच हाय," त्या म्हणाल्या, आणि डबा घेऊन आत गेल्या.

पिशवी मी तशीच परत बांधली. ज्या गोष्टीला मला प्रयोगशाळेत अर्धा दिवस लागला होता, ती त्यांनी माझ्या स्वभावावरून ओळखली, आणि तिथे एकच खूण त्यांना पुरली. आतून पाण्याचा आवाज आला. थोरले मामा ओसरीत पोतं सोडून शेंगा निवडायला बसले, निवडायचं काही कारण नसताना.

मामांना पटवणं मात्र जमलं नाही. त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर पहिल्यांदा जे निदान करतो तेच खरं असतं, नंतर तो घरच्यांच्या दबावाखाली येतो. मी त्यांना रंगांची कडी दाखवली. छान आहे म्हणाले. घड्याळावरचा ओरखडा दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, काचेनं काच कापत नाही का, दुकानात कापतात की. मी म्हणालो, ती हिऱ्याने कापतात. मामा म्हणाले, तेच म्हणतोय, हिरा नव्हता ना तुमच्याकडे.

पण माणूस न्यायी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला त्यांच्या फिरायच्या मंडळींत घेऊन गेले. जे पसरवलं ते तुम्हीच येऊन परत घ्या, म्हणाले. बागेत बाकांवर चार-पाच निवृत्त मंडळी बसली होती. माझं नाव निघाल्यावर सगळे सरसावून बसले. मी उभा राहून सांगितलं की माझी तपासणी चुकली होती, तो स्फटिकच आहे, आणि का ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. एकाने विचारलं की चूक कितपत होते, म्हणजे शंभरात किती. मी म्हणालो, लोकांच्या घरचा आतापर्यंत एकच बघितला होता.

यानंतर ते गप्प बसतील असं मला वाटलं. उलट त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी बोटातली अंगठी फिरवून फिरवून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पिवळा, चांगला टपोरा खडा. पुष्कराज आहे, ते म्हणाले, मुलीने घेऊन दिलाय, पाठदुखीला फार गुण आला. बघा जरा. त्यांच्याकडे बघून दुसऱ्या दोघांनीही अंगठ्या काढायला सुरुवात केली.

भिंग जळकोटच्या मामांकडे होतं, पण ते लागलंच नाही. खड्याच्या आत नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे बुडबुडे होते, एक-दोन नव्हे, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. मी अंगठी कलती केली. एकही सरकला नाही. पुन्हा कलती केली. गृहस्थ माझ्याकडे बघत होते, पाठ अगदी ताठ ठेवून.

मी म्हणालो, हा दिवसा चांगल्या उजेडात बघावा लागेल.

आठ वाजून गेले होते, समोरच्या इमारतीवर ऊन लख्ख पडलं होतं. मामांनी एकदा उन्हाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी माझ्या हातातली अंगठी घेऊन मित्राला परत दिली आणि सगळ्यांना म्हणाले, चला, आज चहा आमच्याकडं.